बेकार कोणास म्हणावे?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला, वाचक बंधुभगिनींनो, आपणांस ठाऊकच आहे. धनी पहाटे बाजारात जातो, रोज ठरवून मजूर मळ्यात पाठवतो. पुन्हा तिसऱ्या ताशी जातो, सहाव्या व नवव्या ताशी जातो. आणि दिवस मावळावयास एक तास उरला असतानाही त्यास तेथे माणसे उभी असलेली दिसतात. आपल्या मंडळ्यांतून ह्या दाखल्यावर जी प्रवचने होतात ती बहुधा संध्याकाळच्या वेतनापाशी सुरू होतात व तेथेच संपतात. देवाची कृपा माणसाच्या हिशेबात बसत नाही, हे त्यांचे सार असते आणि ते योग्यच आहे. मी मात्र काही वर्षांपूर्वी बाजारात उभ्या असलेल्या त्या माणसांपाशीच अडखळलो.

मराठीच्या शेजारी बोलल्या जाणाऱ्या एका आदिवासी भाषेत नव्या कराराचा अनुवाद करण्याच्या कामात मी आहे. त्या माणसांसाठी मूळ ग्रीकात 'आर्गोस' हे विशेषण आले आहे. 'एर्गोन' म्हणजे काम, आणि त्याच्या मागे आपल्या संस्कृतातल्यासारखाच नकारार्थी 'अ'. ज्याच्याजवळ काम नाही तो आर्गोस. पहिल्या मसुद्यात मी 'बेकार' असे लिहिले. मराठीतून त्या भाषेत गेलेला, सर्वांच्या तोंडी असलेला हा शब्द; तो लिहिताना मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. मसुदा गावात वाचून दाखवावा व ऐकणाऱ्यांचे म्हणणे टिपून घ्यावे अशी आमची रीत आहे. त्या दिवशी एका ओसरीवर पंधरा-वीस माणसे बसली होती. कडेला एक म्हातारी सूप घेऊन धान्य पाखडीत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "गुरुजी, ती माणसं बेकार कुठं? त्यांना कोणी बोलावलंच नाही." पुढचे वचन मी अजून वाचलेही नव्हते. तेथे ती माणसे धन्याला नेमके हेच उत्तर देतात.

त्या रात्री मी 'बेकार' ह्या शब्दाकडे नव्याने पाहिले. ज्याला नोकरी नाही तो बेकार, आणि बिघडलेली भाजी बेकार, कंटाळवाणे नाटक बेकार, वाया गेलेला मुलगाही बेकार. काम नसणे आणि किंमत नसणे ह्या दोहोंना आपण एकच शब्द देऊन ठेवला आहे. ग्रीकांचेही फारसे निराळे नाही. नव्या करारातच हा आर्गोस अन्यत्र आळशी ह्या अर्थानेही येतो. मग प्रश्न असा उभा राहतो की, काम तरी कशास म्हणावे? ज्याची मजुरी मिळते त्यास, की ज्याच्यावर कोणी जेवते त्यास?

हा प्रश्न आपल्या घरी, शेतात, स्वयंपाकघरात उभा आहेच. पण मला त्याचे स्पष्ट रूप दिसले ते फार दूरच्या एका लोकांत, आणि त्यांची गाठही अनुवादामुळेच पडली. २०१२ च्या जून महिन्यात कॅनडाच्या उत्तरेकडील इकालुइट ह्या गावी, बर्फाच्या घुमटी घराच्या आकाराच्या सेंट ज्यूड कॅथेड्रलमध्ये, इनुक्टिटुट भाषेतील अखंड बायबलचे समर्पण झाले. काम १९७८ साली सुरू झाले होते. ते परदेशी मिशनऱ्यांनी केलेले नव्हते. ज्यांची ती मातृभाषा आहे अशा इनुइट पाळकांनीच तीस वर्षांहून अधिक काळ बसून ते तडीस नेले. जेथे झाड उगवत नाही तेथे अंजीर, एरंड, खजूर ह्यांना काय म्हणावे, मेंढरू व उंट पाहिलेला नाही त्याला कळप कसा सांगावा, ह्या त्यांच्या अडचणी वाचताना मला आपल्याच माणसांशी बोलत असल्यासारखे वाटले. ही भाषा ज्या लिपीत छापतात तिच्यात व्यंजनाची खूण फिरवली की स्वर बदलतो. बाराखडी शिकलेल्या माणसास हे कौतुकाचे वाटेल. क्री लोकांसाठी ती लिपी रचणाऱ्या जेम्स इव्हान्सपुढे देवनागरीचा नमुना असावा, असे काही अभ्यासक मानतात. बॅफिन बेटावर तिचा प्रसार केला तो १८९४ मध्ये तेथे उतरलेल्या एडमंड पेक ह्यांनी. ते ज्या चर्च मिशनरी सोसायटीचे होते, तिचेच नाव आपल्या नाशिकच्या शरणपूरशी जोडलेले आहे.

मी तेथे गेलेलो नाही. परंतु अनुवादाच्या निमित्ताने वाचू लागलो, आणि भाषेकडून माणसांच्या पोटापाण्याकडे वळलो.

नुनावुट हा कॅनडाचा प्रदेश १ एप्रिल १९९९ रोजी वेगळा झाला. क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या साठ टक्क्यांइतके; आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या केवळ ३७ हजारांच्या आसपास. त्यांतील शंभरांपैकी पंच्याऐंशीच्या जवळपास इनुइट आहेत. वस्त्या पंचवीस. एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ता नाही. विमान आहे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस समुद्र मोकळा झाला की वर्षाचा माल घेऊन येणारे जहाज. बॅफिन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, सत्तराव्या अक्षांशाच्याही थोडे वर, क्लाइड रिव्हर नावाची वस्ती आहे. तिचे स्वतःचे नाव कांगिक्तुगापिक. हजार-बाराशे माणसे राहतात. डिसेंबरभर तेथे सूर्य क्षितिजावर येत नाही. मॅकगिल विद्यापीठातील भूगोलाचे अभ्यासक जॉर्ज वेन्झेल ह्यांनी १९७० च्या दशकापासून ह्या वस्तीचा अभ्यास केला, म्हणून तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

तेथील शिकाऱ्याचे चित्र आपण डोळ्यांपुढे आणावे. वलयांच्या ठिपक्यांचा जो लहान सील असतो, तो हिवाळ्यात बर्फाखाली राहतो आणि श्वास घेण्यासाठी बर्फात भोके राखून ठेवतो. अशा भोकास 'आग्लु' म्हणतात. एका सीलची अशी अनेक भोके असतात. तो कोणत्या भोकाशी केव्हा येईल, हे सांगता येत नाही. शिकारी एका भोकाशी उभा राहतो. हलायचे नाही, पाय आपटायचा नाही, कारण बर्फावरचा आवाज खाली पोहोचतो. उणे तीस अंशांत तासन् तास. आज बंदूक आहे, बर्फावरून धावणारी स्नोमोबाईल आहे, आणि पुष्कळशी शिकार बर्फाच्या कडेला किंवा उन्हाळ्यात होडीतून होते. तरी हे उभे राहणे अजून संपलेले नाही. दुरून पाहणाऱ्यास तो माणूस दिवसभर काही न करता उभा असलेलाच दिसेल.

सील मिळाला तर तो घरी येतो, आणि मग वाटप सुरू होते. क्लाइड रिव्हरच्या ज्या वाटपाचे वेन्झेल ह्यांनी वर्णन केले आहे, त्यास 'निंगिक्तुक' असे म्हणतात. मांस घरातील वडिलधाऱ्याकडे जाते, तेथून भावंडांच्या, सासरच्या, विधवांच्या, म्हाताऱ्यांच्या घरी. त्याचे पैसे मागितले जात नाहीत. कोणाच्या घरी किती गेले ह्याची वही नसते, परंतु कोणाच्या घरी गेले नाही हे सर्वांच्या लक्षात राहते.

आता ह्या माणसाच्या दारी सरकारी पाहणीचा कारकून येतो. मागील आठवड्यात तू मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी काम केलेस काय? नाही. गेल्या चार आठवड्यांत काम शोधलेस काय? नाही, मी बर्फावर होतो. झाले. कॅनडाच्या मासिक श्रमपाहणीच्या व्याख्येप्रमाणे हा माणूस रोजगारात नाही. एवढेच नव्हे, तर तो बेरोजगारही नाही, कारण तो काम शोधीत नाही. तो श्रमशक्तीच्याच बाहेर आहे. त्याच्या शेजाऱ्याने मऊ दगडातून हातभर लांबीचा सील कोरून दुकानात विकला असेल तर तो स्वयंरोजगारी ठरतो. ज्याने खराखुरा सील आणून आठ घरी वाटला त्यास मात्र रकाना नाही. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की आदिवासींविषयीच्या स्वतंत्र पाहण्यांत शिकारीविषयी प्रश्न विचारले जातात. पण वर्तमानपत्रांत छापला जातो तो महिन्याचा आकडा, आणि मंत्री भाषणात सांगतात तोही तोच.

त्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. नुनावुटमध्ये जे इनुइट नाहीत, त्यांतील दहा प्रौढांमागे जवळजवळ नऊजण नोकरीत असतात. इनुइटांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास राहते. दक्षिणेकडून येणारा शिक्षक, परिचारिका, अधिकारी नोकरीचे पत्र हातात घेऊनच विमानातून उतरतो, आणि नोकरी संपली की परत जातो. तेथे जन्मलेला माणूस नोकरी नसली तरी तेथेच राहणार. दोघांस एका तराजूत घालून एक उद्योगी व दुसरा आळशी असा निष्कर्ष काढणारे लोक मला पुस्तकांत भेटले, आणि मी खाली मान घातली, कारण मीच तो शब्द माझ्या मसुद्यात लिहून ठेवला होता.

येथे आपण म्हणाल की हा सगळा जुन्या शिकारी जीवनाचा गौरव झाला, आजचे काय? तर आज पैशावाचून शिकार होत नाही, हे पहिले सत्य. स्नोमोबाईल घ्यावयास आपल्या हिशेबाने कित्येक लाख रुपये लागतात आणि खडबडीत बर्फावर ती फार वर्षे टिकत नाही. पेट्रोल, काडतुसे, होडीचे इंजिन, सुटे भाग हे सर्व दुरून येते. म्हणून बहुधा असे होते की घरातील एकजण, पुष्कळदा पत्नी किंवा बहीण, शाळेत, दवाखान्यात अथवा गावाच्या कचेरीत नोकरी करते, तिच्या पगारातून पेट्रोल येते, आणि त्या पेट्रोलवर पती किंवा भाऊ मांस आणतो. तिला आकड्यात जागा आहे, त्याला नाही. पण दोघे मिळून एकच चूल चालवतात. श्रमशक्ती मोजणारा माणसे मोजतो. ह्या लोकांत श्रमाचे एकक घर आहे, आणि त्या घराची भिंत कोठे संपते हे सांगणेही अवघड आहे.

पूर्वी हा रोख पैसा सीलच्या कातड्यातून येत असे. मांस घरी खाल्ले जाई, कातडे विकून पेट्रोल घेतले जाई. मांसाचा व्यवहार वाटपाचा, कातड्याचा व्यवहार बाजाराचा, आणि दुसऱ्याने पहिल्याला आधार दिलेला. मग १९८३ साल आले. न्यूफाउंडलंडच्या बर्फावर सीलची पांढऱ्या लोकरीची पिले मारली जात, त्यांची छायाचित्रे युरोपातील घरोघरी पोहोचली होती. लोक हळहळले. युरोपीय आर्थिक समुदायाने अशा पिलांच्या कातड्यांची आयात बंद केली. इनुइट ती पिले मारीत नव्हते. त्यांची शिकार निराळ्या जातीच्या, मोठ्या सीलची. कायद्यातही त्यांच्या पारंपरिक शिकारीला अपवाद ठेवला होता. पण दुकानातील गिऱ्हाईक कातड्याची जात विचारीत नाही. बाजार संपूर्ण कोसळला, आणि जेथे दुसरा कोणताच विकाऊ माल नव्हता अशा वस्त्यांतून रोख उत्पन्न आटले. २००९ मध्ये युरोपीय संघाने सीलच्या सर्वच पदार्थांवर बंदी घातली. पुन्हा इनुइटांचा अपवाद होता, पुन्हा त्याचा उपयोग थोडा झाला. कॅनडा व नॉर्वे ह्यांनी तक्रार केली तेव्हा २०१४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने त्या अपवादाच्या रचनेत दोष दाखवला, परंतु 'सार्वजनिक नीतिमत्ते'साठी अशी बंदी घालता येते हे मान्य केले.

सार्वजनिक नीतिमत्ता! ह्या दोन शब्दांवर मी बराच वेळ थांबलो. प्राण्याविषयी दया वाटणे हे पाप नव्हे. नीतिसूत्रांच्या कर्त्याने नीतिमान मनुष्याचे जे वर्णन केले आहे, त्यात आपल्या पशूच्या जिवाची काळजी घेणे हेही आहे. ज्या स्त्रीपुरुषांनी त्या पिलांसाठी पत्रे लिहिली ती दुष्ट नव्हती. पण त्यांच्या दयेची किंमत त्यांना द्यावी लागली नाही. ती दिली चार-पाच हजार किलोमीटरांवरच्या एका म्हातारीने, जिच्या घरी त्या हिवाळ्यात मांसाचा वाटा आला नाही, कारण पुतण्याच्या गाडीत पेट्रोल नव्हते. कॅनडातील ग्रीनपीस संस्थेने २०१४ मध्ये आपल्या जुन्या मोहिमेमुळे इनुइटांच्या झालेल्या हानीबद्दल जाहीर क्षमा मागितली. तीस वर्षांनी का होईना, मागितली. आपल्यापैकी जे उपोषणाच्या काळात किंवा सुवार्तेच्या उत्साहात दुसऱ्याच्या ताटातील पदार्थाविषयी बोलतात, त्यांनी ही हकीकत वाचावी असे मला वाटते. पण तो निराळा विषय झाला.

दुसरे सत्य अधिक कडू आहे. इनुइट तरुणांना नोकऱ्या हव्या आहेत. २००७ व २००८ मध्ये झालेल्या आरोग्य पाहणीत नुनावुटमधील सुमारे सत्तर टक्के इनुइट घरांत अन्नाची शाश्वती नसल्याचे आढळले. वाटप आहे, तरीही उपासमार आहे; वाटावयास आणणारे हातच कमी पडतात. १९९३ च्या भूमिकराराच्या तेविसाव्या कलमात असे वचन आहे की लोकसंख्येत इनुइटांचे जे प्रमाण, तेच सरकारी नोकऱ्यांत असावे. पुढे सुमारे निम्म्या जागांवर ते प्रमाण अडकून राहिले, आणि वरच्या पदांवर त्याहूनही कमी. न्यायविद थॉमस बर्जर ह्यांनी २००६ च्या अहवालात ह्याचे मूळ शाळेत दाखवले: मूल तिसरीपर्यंत इनुक्टिटुटमध्ये शिकते, चौथीत एकदम इंग्रजीत ढकलले जाते, आणि शेवटी दोन्ही भाषांत अर्धवट राहते. वचन पाळले नाही म्हणून इनुइटांच्या संघटनेने त्याच वर्षी केंद्र सरकारवर दावा लावला. तो २०१५ मध्ये सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलरांवर मिटला, आणि त्यातील मोठा भाग प्रशिक्षणासाठी ठेवला गेला. भाषेच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसास हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडेही मातृभाषेत अक्षर न ओळखलेली किती मुले पाचवीत 'ढ' ठरतात आणि पुढे बेकार!

मग खाणी? बॅफिन बेटाच्या उत्तरेकडे मेरी रिव्हर येथे लोखंडाची मोठी खाण आहे. कामगार विमानाने आठवड्यांच्या पाळीवर जातात व परत येतात. तेथे इनुइटही काम करतात, त्यांच्या पगारातून शिकारीचे पेट्रोलही येते. २०२१ च्या फेब्रुवारीत पाँड इनलेट व आर्क्टिक बे येथील शिकाऱ्यांनी खाणीचा रस्ता व धावपट्टी बर्फात उभे राहून अडवली. खाणीचा विस्तार झाला तर जहाजांमुळे नरव्हाल मासा, ज्यास आपण मासा म्हणतो पण जो देवमाशाच्या कुळातील आहे, तो निघून जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. खाणीत अडकून पडलेल्या कामगारांत त्यांच्याच ओळखीपाळखीचे लोक असणार. पुढे २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्र्यांनी विस्तार नाकारला. ह्यात एक बाजू धर्माची व दुसरी अधर्माची असे मला म्हणवत नाही. पगार मागणाराही आपल्या घरासाठीच मागतो.

तर मग शिकाऱ्यालाच पगार का देऊ नये? हा विचार नवा नाही. क्विबेकच्या उत्तरेस जेम्स बेच्या क्री लोकांसाठी १९७५ च्या करारानंतर अशी योजना सुरू झाली की जो वर्षातील किमान चार महिने शिकार, मासेमारी व तत्सम कामांत घालवतो, त्यास रानातील दिवसांच्या हिशेबाने उत्पन्न मिळावे. ती पिढ्यानुपिढ्या चालली आहे. त्याच उत्तर क्विबेकातील इनुइटांसाठी १९८२ च्या कायद्याने दुसरी वाट काढली: गावाने शिकाऱ्याकडून मांस विकत घ्यावे, सार्वजनिक शीतगृहात ठेवावे, आणि ज्याला हवे त्याने ते फुकट न्यावे. नुनावुटमध्ये आर्क्टिक बे येथे २०१८ पासून 'नाउत्तिक्सुक्तीत' म्हणजे राखणदार नेमले गेले. ते बर्फ, जनावरे व जहाजे ह्यांवर लक्ष ठेवतात, शिकार करून मांस गावास देतात, आणि त्यासाठी त्यांना नियमित पगार असतो. पुढच्या वर्षी झालेल्या करारात क्लाइड रिव्हरसह पाच वस्त्यांचा त्यात समावेश झाला.

मला ह्या योजना वाचून आनंद झाला, आणि नंतर एक शंका आली. पगारदार माणसाने आणलेले मांस हा वाटा राहील काय, की ती सरकारी शिधावाटपाची दुसरी तऱ्हा होईल? जो पूर्वी बहिणीला मांस देत होता तो आता कचेरीला देतो. बहीण शीतगृहातून घेऊन जाते. दोघांमधले काही हरवले नाही ना? ग्रीनलंडच्या गावांतून शिकारी उघड्या बाजारात सीलचे मांस विकतात व त्यात कोणास लाज वाटत नाही. बॅफिन बेटावरील पुष्कळ वृद्धांना मात्र ते पटत नाही. शंका खरी आहे, पण तिला फार मोठे करू नये असे माझे मत झाले आहे. लेव्यांनाही दशांश मिळत होता. प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरी, पण सुवार्तिकास निर्वाहाचा हक्क आहे हे तो करिंथकरांस ठणकावून सांगतो. मोबदला दिल्याने दान मरते, असे म्हणणारे बहुधा स्वतः पगारावर असतात.

पौलाचा येथे आणखी एक संबंध आहे. जो काम करीत नाही त्याने खाऊही नये, हे थेस्सलनीकाकरांस लिहिलेले त्याचे बोलणे गरिबांच्या तोंडावर फेकण्याची आपल्यात सवय आहे. मूळ वाक्यात काम करण्याची इच्छा नसणाऱ्याविषयी लिहिले आहे. ज्यास कोणी बोलावले नाही त्याच्याविषयी तेथे एक अक्षर नाही. ह्याउलट इफिसकरांस पत्रातील एक वाक्य आपण क्वचितच उच्चारतो. चोराने चोरी सोडून हातांनी श्रम करावे असे तो तेथे सांगतो, आणि कारण देतो ते विलक्षण आहे. पोट भरण्याचे किंवा अब्रूचे कारण तो देत नाही. गरजवंताला देण्यास त्याच्याजवळ काही असावे म्हणून श्रम, असे म्हणतो. नुनावुटच्या शासनाने आपल्या कारभारासाठी इनुइट परंपरेतील जी तत्त्वे लिहून ठेवली, त्यांत 'पिजित्सिर्निक' असा एक शब्द आहे. कुटुंबाची व समाजाची सेवा करणे आणि त्यांना लागेल ते आणून देणे, हे दोन्ही त्या एकाच शब्दात येते. मराठीत मला त्यासाठी दोन शब्द वापरावे लागले. इफिसकरांच्या त्या वाक्याचा अर्थ भरून राहील इतका तो शब्द मोठा आहे.

क्लाइड रिव्हरची आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. २०१४ मध्ये त्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात खनिज तेलाचा शोध घेण्यासाठी पाण्याखाली प्रचंड आवाजाचे धमाके करण्यास केंद्रीय ऊर्जा मंडळाने परवानगी दिली. ह्या आवाजाने देवमासे व सील दुरावतील अशी गावाची भीती होती. गावकऱ्यांनी सभांत प्रश्न विचारले, उत्तरे मिळेनात. नंतर कंपन्यांनी सुमारे चार हजार पानांचे एक दस्तऐवज संगणकाद्वारे उपलब्ध करून दिले, ज्या गावी त्या काळी इंटरनेट गोगलगायीच्या चालीने चालत असे तेथे. त्यातील थोडासाच भाग इनुक्टिटुटमध्ये होता. त्या वेळचे महापौर जेरी नाटानीन ह्यांच्या नेतृत्वाखाली गाव सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २६ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने एकमताने गावाच्या बाजूने निकाल दिला. करारात ज्यांच्या शिकारीचे हक्क मान्य केले आहेत, त्यांच्याशी खरा विचारविनिमय झालाच नाही, असे ठरले; परवानगी रद्द झाली.

कारकुनाच्या रकान्यात ज्या कामाला नाव नव्हते, त्या कामाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले. मात्र मासिक पाहणीचे प्रश्न जे होते तेच राहिले.

आमच्या मसुद्याचे काय झाले, असे आपण विचाराल. 'बेकार' मी खोडला. त्या जागी 'ज्यांना कोणी कामास बोलावले नव्हते अशी' असे लिहून पाहिले. आमच्या समितीतील एक सहकारी, जे ग्रीक माझ्याहून चांगले जाणतात, त्यांनी लगेच हरकत घेतली. निवेदकानेच आधी हे सांगून टाकले तर पुढे त्या माणसांच्या उत्तरात काय उरते? धनी विचारतो तो प्रश्नही मग निरर्थक होतो. त्यांचे म्हणणे मला मान्य करावे लागले. सध्या 'रिकाम्या हातांनी उभी असलेली' असे लिहिले आहे. तेही पुरेसे नाही, कारण बर्फावरच्या भोकाशी उभ्या राहिलेल्या माणसाचे हातही मला रिकामे वाटत नाहीत. पावसाळा संपला की त्याच ओसरीवर पुन्हा वाचन ठरले आहे. भातकापणी लागली असेल तर ती म्हातारी शेतात असेल, आणि आम्हांला थांबावे लागेल.